प्रश्नपेटीतली न वाचलेली चिठ्ठी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, यावर आपल्या सदरात चाललेली पत्रापत्री वाचतो आहे. बाजूचे असोत की विरोधातले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक मुलगा, एक मुलगी आणि नको असताना गेलेले दिवस एवढेच आहे. मी त्या चित्रात अर्धाच बसतो.

नववीत आमच्या वर्गावर एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पाळी, गर्भधारणा, कंडोम, सगळे न लाजता सांगितले त्यांनी. शेवटी पुठ्ठ्याचा खोका फिरवला. नाव न घालता प्रश्न टाका म्हणाल्या. मी लिहिले, 'मुलगी पण आवडते आणि मुलगा पण, असे असते का?' बाईंनी चिठ्ठी उघडली, मनात वाचली, घडी घातली आणि पुढची उचलली. अक्षर ओळखू येईल म्हणून आठवडाभर मी कुणाला वही दिली नाही. (उभयलिंगी हा शब्द मला ठाऊक होता, पण गांडुळाच्या धड्यातला. 'उभयलैंगिक' बऱ्याच वर्षांनी भेटला.)

पुढे मैत्रीण होती तेव्हा मी कंडोम न चुकता वापरला. मित्र होता तेव्हा एकदाही नाही. बेफिकीर होतो म्हणून नव्हे. दिवस जाण्याची भीती नव्हती, आणि कंडोम कशाला तर त्याला, हेच डोक्यात बसले होते. एचआयव्हीवर चार ओळी होत्या, त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या.

मग मित्राचा अहवाल पॉझिटिव्ह आला. आमच्या शेवटच्या भेटीनंतर पाचव्या दिवशी मी चाचणी केंद्रात गेलो. समुपदेशक म्हणाले, शंका असेल तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. गुदमार्गाची आतली त्वचा नाजूक असते, तिथून लागण लवकर होते, वंगण पाण्याचे हवे, तेलाने रबर कमकुवत होते, हेही तिथेच कळले. वय वर्षे तेवीस. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिले; माझा अहवाल निगेटिव्ह आला. मित्र रोज गोळी घेतो, त्याच्या रक्तात विषाणू आता चाचणीत सापडत नाही, आणि तसे असले की जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. हे तरी किती जणांना शाळेत सांगितले असेल?

अशा माहितीने मुले बिघडतात, असे एका पत्रलेखकांना वाटते. युनेस्कोची २०१८ची मार्गदर्शिका अभ्यासांच्या आधारे सांगते, की लैंगिक शिक्षणामुळे मुलांमधले लैंगिक व्यवहार वाढत नाहीत.

वेगळा धडा मी मागत नाही. कंडोम दोन पुरुषांनाही लागतो, एवढे आहे त्याच तासात सांगा. आणि खोका फिरवलात, तर त्यातली प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचा.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)