विषय : तिकीट तुम्ही परस्पर क्लोज केलंत, माझी तक्रार तशीच आहे

सर्व्हिस मॅनेजर,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि डोकं तापलेलं असतानाच लिहितोय.

माझा नाकामिची बीएक्स 300 कॅसेट डेक तुमच्याकडे दिला तो फक्त आयडलरचा, म्हणजे रीळ फिरवणाऱ्या चाकाचा, रबर कडक झाला म्हणून. टेकअप रीळ फिरायचं नाही, टेप आत अडकायची. आवाजाबद्दल एक शब्दाची तक्रार नव्हती, जॉबशीटवर तुमच्याच माणसाच्या अक्षरात आहे, काढून वाचा. रबर बदललात, ते काम व्यवस्थित झालंय. पण हेडला हात लावायला कुणी सांगितलं होतं? प्ले हेडच्या ॲझिमथ स्क्रूवर, म्हणजे हेडचा टेपशी कोन जुळवायच्या स्क्रूवर, लाल रंगाचा सील होता तो तडकलाय, खाच खरवडलीय, आणि वर बिलात ‘हेड ॲलाइनमेंट’ म्हणून वेगळे पैसे लावलेत.

तुम्ही डेकचीच कामं करता म्हणजे तुम्हाला माहीत असणार, कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटीमीटर पळते, 10 किलोहर्ट्झची एक लाट टेपवर जेमतेम 5 मायक्रॉनची. हेड केसभर तिरकं झालं तरी वरचा, म्हणजे ट्रेबलचा, सगळा आवाज गेला. आणि तेच झालंय. माझ्या वडिलांनी मिरजेतल्या बैठका याच डेकवर रेकॉर्ड केल्यात, डेक गोधडीत गुंडाळून रिक्षातून न्यायचे. त्या कॅसेटमध्ये तानपुऱ्याची जवारी, ती तारांची झंकारती गुंज, अशी यायची की गवई सूर लावायच्या आधीच खोली भरून जायची. आता नुसती घुंऽऽ अशी गुणगुण येते, पांघरुणातून ऐकल्यासारखी. तुमचा माणूस म्हणतो कॅसेट जुन्या झाल्यात. अहो, डेक तुमच्याकडे द्यायच्या आदल्या रात्री याच कॅसेट ऐकल्यात मी! मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, आम्ही इथली माणसं, जवारी गेली की राहिली ते आम्हाला कळतं.

आता आजचा फोन. आधी कितीतरी वेळ होल्डवर. मग तुमचा एक्झिक्युटिव्ह म्हणतो, “सर, डेक प्ले होतोय ना?” म्हटलं होतोय, पण ट्रेबल नाही. तर म्हणे, “एक काम करा सर, फोन स्पीकरजवळ धरा, मी चेक करतो.” मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. त्याने परत तेच सांगितलं. साध्या फोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झच जातात हो, जे गेलंय ते त्याच्या वरचंच आहे! हे मी त्याला समजावून सांगितलं, पूर्ण ऐकून घेतलं त्याने, आणि परत, “सर, एकदा धरा तरी.” धरला. वडिलांची कॅसेट लावून फोन स्पीकरला लावून उभा राहिलो. तो म्हणाला, “मला तर एकदम क्लिअर येतंय सर, तिकीट क्लोज करतो.” कोणत्या टेस्ट टेपवर ॲझिमथ लावला विचारलं तर, “इंजिनीअर कानाने लावतात सर.” कुठली कॅसेट लावून, कुणाच्या कानाने? फोन ठेवला तोच मेसेज आला, आपलं समाधान झाल्याचा आम्हाला आनंद आहे. कुणाचं समाधान झालं?

तुमचं नाव ऐकून सांगलीहून पुण्यापर्यंत डेक मांडीवर घेऊन आलो होतो. इथल्या दोन-तीन डेकवाल्यांनाही तुमच्याकडेच जा म्हणून सांगितलं होतं, त्याचं आता फार वाईट वाटतंय.

परत सांगतो, हेडला हात लावायला मी सांगितलं नव्हतं. डेक तुमच्या खर्चाने न्या, 10 किलोहर्ट्झच्या टेस्ट टेपवर ऑसिलोस्कोप लावून प्ले हेड सरळ करा, मग रेकॉर्ड हेड त्याच्याशी जुळवा, आणि माझीच कॅसेट लावून माझ्यासमोर ऐकवा. ॲलाइनमेंटचे पैसे परत. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकणार आहे, तारखांना तुम्हालाच इकडे यावं लागेल. आणि कृपा करून त्या एक्झिक्युटिव्हला मला परत फोन करायला लावू नका, ज्याने स्क्रू फिरवलाय त्याने करावा.