उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं

संपादक महोदय,

नमस्कार. रविवारच्या पुरवणीत बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींवर जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला. लेखकाच्या मनात आकस नाही हे कळतं, त्याबद्दल आभारच. पण बाप्टिस्ट म्हणजे मोठ्या माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे लोक, एवढ्यावरच त्यांनी आमची ओळख आटोपली, आणि पुढे मिशनचा, म्हणजे धर्मप्रसाराचा, विषय आला तेव्हा सगळं आकड्यांवर नेऊन ठेवलं, कुठे किती लोक ख्रिस्ती झाले वगैरे. मी याच मंडळीत वाढलेय, बावीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतेय, त्यामुळे गप्प बसवेना.

पाणी ही शेवटची गोष्ट आहे हो, त्याआधी एक प्रश्न असतो. तू स्वतः ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का? याचं उत्तर आईवडील देऊ शकत नाहीत, चर्चचा पाळक देऊ शकत नाही, सरकार तर नाहीच नाही. आमचं सगळं, म्हणजे उपदेश, तारणाची (पापातून सुटकेची) शिकवण, मिशन, हे या एका प्रश्नाभोवती उभं आहे आणि लेखात नेमकं तेच राहून गेलं.

१६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला इंग्लंडमधून पळून आलेल्या थोड्या लोकांनी जॉन स्मिथच्या नेतृत्वाखाली विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा घेतला, तिथपासून आमची गोष्ट सुरू होते. (बुडवून द्यायची पद्धत तर नंतर आली, सुरुवातीला पाणी ओतायचे, म्हणजे लेखकाने ज्याला मुख्य खूण म्हटलंय ती पहिल्या दिवशी नव्हतीच!) त्यांच्यातलाच थॉमस हेलविस पुढे परत इंग्लंडला गेला आणि १६१२ मध्ये त्याने छापून सांगितलं की माणूस आणि देव यांच्यामध्ये राजाला काही अधिकार नाही, आणि हे फक्त स्वतःच्या गटासाठी नाही म्हटलं, पाखंडी असो, मुसलमान असो, यहुदी असो, सगळ्यांसाठी म्हटलं. त्याला लंडनला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं आणि तो तिथेच वारला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. कारण उत्तर स्वतःचं असायला हवं असं एकदा मानलं की दुसऱ्यावर जबरदस्ती करायचा रस्ताच बंद होतो. धमकीने किंवा आमिषाने दिलेला होकार हा आमच्या शिकवणीप्रमाणे विश्वासच नाही, त्याला पाण्यात उतरवलं तर तो फक्त भिजून बाहेर येईल.

आता तारण. आम्ही मानतो की तारण कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी नाही, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते स्वच्छ लिहिलंय. बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणी तरत नाही, जो तरलाय तो घेतो. मग ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की देवाने निवडलेल्यांसाठी, यावर आमच्यातच सुरुवातीपासून दोन तट, सगळ्यांसाठी म्हणणारे जनरल बाप्टिस्ट आणि निवडलेल्यांसाठी म्हणणारे पर्टिक्युलर बाप्टिस्ट, आणि ब्रिटनमध्ये ते १८९१ मध्ये एकत्र आले तरी वाद काही संपला नाही, आजही आमच्या बायबल स्टडीत या विषयावर चहा गार होतो.

पण हा वाद नुसता पुस्तकी नव्हता, आणि इथे मला जरा थांबायचंय. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही पर्टिक्युलर बाप्टिस्ट उपदेशकांनी असा निष्कर्ष काढला की देव निवडलेल्यांना आणणारच आहे, तेव्हा अविश्वासी माणसाला "ये, विश्वास ठेव" असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. अँड्र्यू फुलर अशाच उपदेशाखाली लहानाचा मोठा झाला. व्यासपीठावरून त्याच्यासारख्या मुलाला उद्देशून काही बोललंच जात नव्हतं, आणि ख्रिस्ताकडे जायची आपल्याला परवानगी आहे की नाही याच्याच काळजीत त्याची वर्षं गेली. रविवारमागून रविवार चर्चमध्ये बसलेला, मनातून तळमळणारा एक मुलगा आणि त्याला कुणी बोलावत नाही! १७८५ मध्ये त्याने पुस्तक लिहून मांडलं की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, ऐकणाऱ्या प्रत्येकाने विश्वास ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे, म्हणून उपदेशकाने प्रत्येकाला बोलावलंच पाहिजे. फुलरने देवाची निवड नाकारली नाही हं, फक्त ती बोलावणं न करण्याचं कारण होऊ शकत नाही एवढं दाखवलं.

आणि मग सात वर्षांत मिशन उभं राहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्याला बोलवायचं तर समुद्रापलीकडच्याला का नाही? विल्यम केरी, जोडे शिवणारा माणूस, त्याने १७९२ मध्ये हाच प्रश्न लावून धरला, आणि २ ऑक्टोबरला केटरिंगला एका विधवा बाईंच्या घरी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, त्या दिवशी वर्गणी कबूल झाली फक्त तेरा पौंड आणि वर थोडे शिलिंग. फुलर तिचा सेक्रेटरी झाला. म्हणजे मिशन हे आधी व्यासपीठावर सुरू झालं, जहाजावर नाही.

लेखातले आकडे वाचताना मला केरीच आठवत होता. तो १७९३ मध्ये बंगालला पोचला, आणि पहिला हिंदू माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, बाप्तिस्म्यासाठी पुढे आला तो डिसेंबर १८०० मध्ये. सात वर्षं! आज एखाद्या मिशनच्या रिपोर्टात सात वर्षं शून्य असं लिहिलं तर काय होईल? त्या काळात तो भाषा शिकत होता. पुढे १८०५ मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण आलं, १८१० मध्ये मराठी शब्दकोश, त्यात वैजनाथ पंडितांची मोठी मदत होती. हे उगाच विद्वत्ता म्हणून नव्हतं, उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असेल तर प्रश्न त्याच्या भाषेत विचारायला नको का? आणि १८०५ मध्येच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी, म्हणजे केरी आणि त्याच्या सोबत्यांनी, आपसात जो करार केला त्यात लिहिलंय की लोकांच्या मूर्तींना हात लावायचा नाही, त्यांच्या पूजेत व्यत्यय आणायचा नाही. हे नंतर सगळीकडे सगळ्यांनी पाळलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत तर गुलाम ठेवणाऱ्याला मिशनरी नेमायचं का, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट वेगळे झाले आणि गुलामगिरीच्या बाजूने उभे राहिले, त्याची जाहीर माफी मागायला त्यांना १९९५ उजाडावं लागलं. ज्या माणसाने देवाला स्वतः उत्तर द्यायचं, त्याच माणसाला विकत घेता येतं असं मानणं, याहून मोठी गद्दारी आपल्याच शिकवणीशी काय असणार. मला याची लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

आता आमच्या लोकांसाठी दोन शब्द, कारण चूक फक्त तुमच्या लेखकाची नाही. हल्लीचे बरेच संदेश ऐकले की वाटतं फुलरच्या लहानपणचीच गत झालीये, फक्त उलट्या बाजूने. यश कसं मिळवाल, टेन्शन कसं घालवाल, नाती कशी टिकवाल, छान असतं, टाळ्या पडतात, पण पाप नाही, वधस्तंभ नाही आणि तो प्रश्न तर नाहीच. नाहीतर दुसरं टोक, शेवटी गाणं हळूहळू वाजत राहतं आणि हात वर करा, हात वर करा, मग हातांची मोजणी, आणि ती मोजणी पुढे रिपोर्टात. मी लहानपणी तीन वेगवेगळ्या सभांत तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा शेजारच्या मुलींनी केला म्हणून. तिन्ही वेळा कुणीतरी मला मोजलं असणार, पण घरी येऊन मला कुणी विचारलं नाही की तुला काय कळलं. ते विचारलं आमच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी, मी सतरा वर्षांची असताना, आणि मी म्हटलं मला नक्की माहीत नाही, तर ते म्हणाले मग घाई करू नकोस, वाच. वर्षभर मी योहानाचं शुभवर्तमान वाचत होते. त्यानंतर मी स्वतः त्यांच्याकडे गेले.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी असा लेख छापताना किती जणांनी बाप्तिस्मा घेतला हे जरूर द्या, पण त्यांना आधी काय विचारलं गेलं आणि विचार करायला किती वेळ दिला, हेही लेखकाला शोधायला सांगा. आमच्या पाळकांनाही माझं हेच म्हणणं आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

माझ्या वर्गात एक अकरा वर्षांची मुलगी आहे. मागच्या महिन्यात तिने विचारलं, टीचर, माझ्याऐवजी आईने हो म्हटलं तर चालेल का, कारण आईला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मी म्हटलं, नाही गं बाळा. तिचा चेहरा पडला. पण दुसऱ्या रविवारी ती वहीत सहा प्रश्न लिहून घेऊन आली, त्यातल्या दोनांची उत्तरं मला अजून नीट देता आलेली नाहीत.

आपली,
एक वाचक