किमतीच्या पाटीवर माशाची पूर्ण वाढही लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या गावभागात माझे काचकामाचे दुकान आहे. खिडक्यांची तावदाने, फोटोफ्रेम, शोकेस, आणि गेली 24 वर्षे माशांच्या टाक्या. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत टाक्यांच्या ऑर्डरी वाढतात, कारण पोरे घरी असतात आणि हट्ट धरतात. गिऱ्हाईक येते ते माप घेऊनच. "टीव्हीच्या बाजूला अडीच फूट जागा आहे, तेवढ्यात बसेल अशी द्या." जागा किती ते सगळे सांगतात. मासा कोणता आणणार, ते कोणी सांगत नाही आणि बरीच वर्षे मीही विचारले नाही. आता मी काच कापायचा हिरा हातात घ्यायच्या आधी तेच विचारतो. का विचारतो, ते आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून फोन आला, टाकी गळते आहे. टाकी मीच दिलेली होती. 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. फुटांचा गुणाकार करून 28 ने गुणले की लिटर येतात, म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम 105 लिटर पाणी. तिच्यात त्यांनी तीन-तीन इंचांचे दोन 'शार्क' सोडले होते. एक मेला, एक जगला. जगलेला मी टेपने मोजला, 15 इंच भरला. टाकीची रुंदी 12 इंच.

त्याला वळायचे झाले की अंग धनुष्यासारखे वाकवावे लागे. शेपूट पुढच्या काचेला घासे, तोंड मागच्या काचेवर आदळे. नाकावर पांढरा घट्टा पडला होता. पुढच्या काचेला आतून हिरवे शेवाळ धरले होते, पण मधोमध हातभर लांब पट्टा अगदी लख्ख होता. मला वाटले कोणी तेवढेच पुसले असेल. मग लक्षात आले, शेपूट रोज त्याच जागी घासून घासून तेवढी काच साफ झाली आहे. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करायची होती. कंपाउंडरने बादली आणली. मासा तिच्यात मावेना, डोके खाली आणि शेपूट बाहेर. शेवटी धुण्याचा टब आणला. कंपाउंडर म्हणाला, "पेशंटची पोरं याच्याकडं बघत बसली की रडत नाहीत ओ." ते खरेच असेल. पण मी सिलिकॉनची जुनी पट्टी ब्लेडने खरवडत असताना तो टबात गोल फिरत होता, आणि इतकी जागा त्याला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती, हे मला दिसत होते. "तीन फूट बास होती की" असे सांगून ती टाकी मीच विकली होती.

हा शार्क नव्हेच. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांतला हा मिशावाला मासा आहे. आपल्याकडे तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवतात. मासळी बाजारात त्याला पंगस म्हणतात आणि हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. नदीत तो मीटरभराच्या वर जातो, वजन 40 किलोपर्यंत भरते. शिवाय हा कळपाने राहणारा, भित्रा मासा. अंधारात एकदम दिवा लावला की जीव घेऊन पळतो आणि काचेवर आपटतो. घरात मावेल अशी याची टाकीच नाही. तरी तो छोटा असताना पिशवीत घालून पोराच्या हातात दिला जातो, आणि आईबाप विचारतात तेव्हा उत्तर ठरलेले असते, "टाकीएवढाच वाढतो."

या एका वाक्याने जितके मासे मेले असतील तितके रोगाने मेले नसतील असे मला वाटते. मासा टाकी बघून वाढ थांबवत नाही. लहान टाकीत त्याची घाण साठते, पाणी बिघडते, आणि त्या पाण्यात तो खुरटतो. पाठीचा कणा वाकतो, भूक जाते, आणि जो मासा दहा वर्षे जगायचा तो दोन वर्षांत जातो. पाणी काचेसारखे दिसते म्हणून चांगले असते असेही नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशाला विषारी, आणि डोळ्यांना मात्र पाणी निर्मळ दिसते. शेवटचे नायट्रेट फिल्टरमधून जात नाही, त्यासाठी पाणीच बदलावे लागते.

'एका इंचाच्या माशाला अमुक लिटर' हा हिशेब छोट्या माशांपुरता ठीक आहे. मोठ्या माशाला तो लावला की फसगत होते. दवाखान्यातला मासा 3 इंचांचा 15 इंच झाला, म्हणजे लांबी पाचपट. पण तो रुंदीलाही वाढला आणि जाडीलाही. पाच गुणिले पाच गुणिले पाच, वजन साधारण सव्वाशेपट. त्याबरोबर खाणेही कित्येक पटींनी वाढले, घाण वाढली. पाणी होते तेवढेच राहिले.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम धरला आहे. लांबीकडे सगळेच बघतात, मी आधी रुंदी बघतो. पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीपेक्षा टाकीची रुंदी कमी असता कामा नये, नाहीतर त्याला सरळ वळताच येणार नाही. आणि लांबी त्याच्या निदान चौपट. ऑस्कर हा मासा घ्या. दुकानात दोन इंचांचा असतो, वर्षभरात 10 इंच होतो, पुढे फूटभर. एका ऑस्करला 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर हे मी कमीत कमी समजतो. जोडी ठेवायची तर 6 बाय 2 बाय 2. ऑस्कर खाणे देणाऱ्या माणसाला ओळखतो. त्याच्या टाकीजवळून जाताना तो काचेला येऊन उभा राहतो, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे.

ॲरोवानाचे दुःख वेगळे आहे. तो घरात ठेवला की लक्ष्मी येते, म्हणून लोक घेतात. चंदेरी ॲरोवाना अमेझॉनच्या खोऱ्यातला, पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे पकडणारा. तीन फुटांपर्यंत वाढतो. माझ्या नियमाने त्याला 3 फूट रुंद आणि 12 फूट लांब टाकी हवी. तशी मी एकही बनवलेली नाही. ॲरोवानासाठी 4 फुटी टाक्या मात्र बऱ्याच बनवल्या, आणि त्यांतले दोन मासे कमरेत वाकलेले पाहिले. रेड टेल कॅटफिश तर चार फुटांचा होतो. तो घरी कोणी नेऊच नये. आणि 'टाकी साफ ठेवतो' म्हणून जो काळा सकर मासा फुकटात दिल्यासारखा देतात, तोही दीड फुटापर्यंत जातो. गोल्डफिश गोल बाऊलमध्ये ठेवायचा मासा नाही, तो फूटभर वाढू शकतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो, एवढे सांगितले तरी लोकांना आश्चर्य वाटते.

मग मोठी टाकी घेऊ, असे कोणी म्हणाले तर तेही सोपे नाही. 6 बाय 2 बाय 2 च्या टाकीत 680 लिटर पाणी, म्हणजे 680 किलो. 12 एमएमची काचच सव्वाशे किलो भरते. खाली वाळू, स्टँड वेगळे. हे सगळे वजन 12 चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबचे डिझाइन साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून करतात. इथे ते तिपटीच्या वर जाते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला मी आधी इंजिनिअरला विचारून या असे सांगतो. एकदोघे रागावून दुसरीकडे गेले. जाऊ देत.

एवढा वाढलेला मासा मग जातो कुठे? गावातले काळी खण तळे, नाहीतर कृष्णा. विष्णू घाटावर बादली घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटते आपण त्याला मोकळे केले, पुण्य केले. उजनीच्या जलाशयात सकर असेच शिरले आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्यांच्या काट्यांनी फाटतात. कमी प्राणवायूच्या पाण्यातही सकर तगतो, म्हणून तो हटत नाही. आपल्याकडे तर सोडायला माणूसही लागत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेले. लोकांनी कागदपत्रे आणि धान्य माळ्यावर नेले, भरलेली टाकी कोण उचलणार? पाणी ओसरल्यावर आमच्या भागात चार घरांतल्या टाक्या मी पाहिल्या. काच शाबूत, आत काठोकाठ चिखल, मासा नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कलम 11 म्हणते की, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. लांबी, रुंदी, उंची हे माझ्या धंद्याचेच शब्द. पण कायदा घेऊन कोणाच्या दिवाणखान्यात जावे, असे माझे म्हणणे नाही. माझे मागणे साधे आहे. सांगली, मिरज, कुपवाडच्या मासे विकणाऱ्या दुकानांत किमतीच्या पाटीवर आणखी तीन ओळी असाव्यात. मासा पूर्ण वाढल्यावर किती इंच होतो, त्याला निदान किती फुटांची टाकी लागते, आणि तो किती वर्षे जगतो. महापालिकेने आणि मत्स्य विभागाने एवढे जरी सक्तीचे केले तरी निम्मे शार्क विकले जाणार नाहीत. दुकानदारांचेही नुकसान नाही. दोन फुटांच्या टाकीत गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा डॅनिओ आनंदाने राहतात, आणि पोरांना पिल्ले झालेली बघायला मिळतात.

दवाखान्यातल्या त्या माशाला मी परत त्या टाकीत सोडू दिले नाही. डॉक्टर भले माणूस, त्यांनी ऐकून घेतले. तासगाव तालुक्यात माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे, तिथे कागद अंथरलेले शेततळे आहे. चारी बाजूंनी कुंपण, ओढ्याला जोडलेले नाही. टबातून टेम्पोने त्याला तिथे नेले. दोन वर्षांनी छाटणीच्या वेळी गेलो होतो. मेहुण्याने मूठभर खाद्य फेकले, आणि पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली. माझ्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत असेल. वळला तेव्हा त्याला अंग वाकवावे लागले नाही.

या सुट्टीपासून माझ्या दुकानात मीच पाटी लावली आहे: "टाकीचे माप सांगण्याआधी माशाचे नाव सांगा." माशांची पूर्ण वाढ आणि त्यांना लागणारी टाकी यांचा तक्ता मी हाताने लिहून ठेवला आहे. कोणा दुकानदाराला हवा असेल त्याने येऊन झेरॉक्स काढून न्यावी.

आपला नम्र,
एक काचकाम कारागीर,
गावभाग, सांगली