चिलटाच्या अळीतल्या श्वासनलिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीची मुलं झुरळाच्या श्वासनलिकांची आकृती सुबक काढतात. पण शरीरात अशा नळ्या घडतात कशा, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या फळगाड्यांवर घोंगावणारी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, हे उत्तम शिकवतात. (शेतकरी जिला फळमाशी म्हणतात ती वेगळी.)

अंड्यातल्या गर्भाच्या दोन्ही बाजूंना पेशींचे १०-१० पुंजके असतात, एकेकात साधारण ८० पेशी. पुंजका आत खचून पिशवी होते आणि पेशींचं विभाजन थांबतं. पुढच्या फांद्या फुटतात त्या निव्वळ पेशी सरकून आणि लांबून. सरकायचं कुठे, हे आसपासच्या पेशी सांगतात: त्या ‘ब्रँचलेस’ नावाचं प्रथिन सोडतात, पिशवीतल्या पेशींवरचा ‘ब्रेथलेस’ ग्राही (संदेश टिपणारं प्रथिन) ते ओळखतो. ज्या पेशीला संदेश जास्त मिळतो ती टोकाला जाते आणि ‘नॉच’ या दुसऱ्या ग्राहीमार्फत शेजारणींना मागे ठेवते. ब्रेथलेस जनुक बिघडलं तर पिशव्या होतात, फांद्या फुटत नाहीत. सस्तन प्राण्यांतही याच कुळातलं प्रथिन हे काम करतं. एफजीएफ-१० हे ते प्रथिन. ते नसलेल्या उंदराच्या गर्भात श्वासनाल तयार होते, फुप्फुसं होत नाहीत.

कनिष्ठ महाविद्यालयांनी हे प्रात्यक्षिकात आणावं, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. खर्च जवळपास नाही. बाटलीत काळं पडलेलं केळं ठेवा. द्राक्षं टाळा, फवारणीच्या अंशाने अळ्या मरू शकतात. चिलटं शिरली की तोंडाला मलमल बांधा. २५ अंशांना पाचव्या दिवसाच्या सुमारास अळ्या काचेवर चढतात. उन्हाळ्यात बाटलीतलं तापमान ३० च्या वर राहिलं तर नर वांझ होतात, पुढची पिढी येत नाही. म्हणून बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवावी.

अळी मऊ ब्रशने उचलून धुवा, क्षणभर ६० अंशांच्या पाण्यात बुडवा म्हणजे वळवळ थांबते. ग्लिसरीनच्या थेंबावर ठेवून कव्हरस्लिप अलगद सोडा. दाबली की अळी फुटते. १० एक्स भिंगाखाली पाठीवरच्या दोन जाड नळ्या काळ्याभोर दिसतात, कारण त्यांत हवा आहे. अळी फार वेळ पडून राहिली किंवा अल्कोहोलमध्ये टाकली की द्रव आत शिरतो आणि नळ्या दिसेनाशा होतात. ‘सर, काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तेव्हा स्लाइड ताजीच हवी.

मग ४० एक्सखाली आतड्यावर पसरलेल्या तंतूंसारख्या फांद्या शोधायला सांगा. ऊतीला प्राणवायू कमी पडला की ती स्वतःच ब्रँचलेस सोडते आणि फांदी तिच्या दिशेने वाढते.

– जीवशास्त्राचे काही अध्यापक, नाशिक