गो, वेंट आणि तुझा जुना प्रश्न

प्रिय बंड्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागव, पण पत्र पूर्ण वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

परवा सातवीच्या एका मुलीने वहीत 'गोएड' लिहिलं. मी लाल रेघ मारली. ती उभी राहिली, "सर, वॉक-वॉक्ड, प्ले-प्लेड, मग गो-गोएड का नाही?" मी म्हणालो, "नाही म्हणजे नाही. पाठ कर." वर्ग हसला, ती खाली बसली, आणि मला तू दिसलास. हाच प्रश्न, तशीच खाली घातलेली मान, आणि मागच्या बाकावर सगळ्यांत मोठ्याने हसणारा मी. तू पंधरा दिवस बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, सायकलवरून रुसलाय. सायकलचं कारण नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. (माझी भूमितीची वही मात्र तू त्या रागात ठेवून घेतलीस, ती अजून येणं आहे!)

रात्री कोश घेऊन बसलो. अरे, 'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नाही! 'वेंड' नावाचं वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणं, वाट धरणं. 'सेंड'चं 'सेंट', तसं 'वेंड'चं 'वेंट'. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओडे' होता, तोही दुसऱ्याच धातूचा. 15व्या शतकाच्या सुमारास 'वेंट'ने त्याची जागा घेतली आणि 'वेंड'ला स्वतःसाठी 'वेंडेड' करून घ्यावं लागलं. आणि स्कॉटलंडच्या बोलीत 'गेड' म्हणतात, म्हणजे 'गो'लाच प्रत्यय लावून. तू नेमकं तेच मागत होतास रे!

मग आपल्याकडे पाहिलं. 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आलं 'गम्'पासून, गत वरून. दोन धातू, एक क्रियापद. रोज बोलतो आणि कधी अडलो नाही. 'इज', 'बी', 'वॉज' तर तिघं तीन घरचे: आपले अस्, भू, वस् यांचेच भाऊबंद. पहाट कधी झाली कळलं नाही.

पण चार दिवस झाले, तिने हात वर केलेला नाही. आधी प्रत्येक तासाला करायची. वर्गासमोर सांगितलं तर सगळे पुन्हा तिच्याकडेच वळून बघणार. एकटीला बोलावून सांगितलं तर वर्गाचं ते हसणं तसंच राहणार. माझी चूक तर वर्गासमोरच झाली ना? मला ठरवता येत नाही. तू त्या जागी बसलेला आहेस. सरांनी दुसऱ्या दिवशी काय केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं? आणि मी?

बदलीचं काय झालं? वहिनींचा हात बरा आहे ना? धाकट्याच्या निकालाचं ताईकडून कळलं, शाबास सांग त्याला.

सोमवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. त्याआधी कळव.

तुझा,
दिन्या