सारांश म्हणजे कात्री नव्हे

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की सारांशलेखनाचा एकच नियम मुलांच्या तोंडी असतो: उतारा एक तृतीयांश करा. मग दर तिसरे वाक्य उचलले जाते आणि उत्तर तुटक होते. 'म्हणून', 'पण' हे शब्द आधीच्या वाक्याला बांधलेले असतात. ते वाक्यच गळले तर ते लोंबकळत राहतात.

घरी कोंकणी बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या हाताशी यावर उपाय आहे. उतारा दोनदा वाचावा, हाताने झाकावा आणि त्यात काय सांगितले ते मनात कोंकणीत सांगावे. मग मराठीत लिहावे. मूळ वाक्ये आपसूक सुटतात. 'आहे'च्या जागी 'आसा' आले नाही ना, एवढे शेवटी तपासावे.

समजा, उतारा खाजनाबद्दल (नदी-खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन) आहे आणि त्यात मानशीचा (बांधातले पाणी आत-बाहेर करण्याचे झडपेचे दार, म्हणजे मानस) उल्लेख असा आहे: 'भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजनाला मातीचे बांध घातलेले असतात. भरती येऊ लागली की मानशीची झडप पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटी लागली की उघडून आतले पाणी नदीत सोडते.' हे ३० शब्द. सारांश १० शब्दांत: 'बांध आणि मानस भरती अडवतात, ओहोटीला मानशीतून खाजनातले पाणी निघते.' इथे 'दाबाने' गाळले, कारण सगळा उतारा शेतीबद्दल आहे असे धरले. विषय मानशीची रचना असता, तर तोच शब्द आधी ठेवावा लागला असता. काय गाळायचे हे उताऱ्याच्या विषयावर ठरते.

दाखले, उपमा, संवाद सहसा जातात. 'आंबा, फणस, काजू'चे 'फळे' होते. मात्र 'काही', 'बहुधा', 'फक्त' हे छोटे शब्द सांभाळावेत. 'काही शेतकऱ्यांनी शेती सोडली' यातले 'काही' गेले की विधानच खोटे ठरते. स्वतःचे मत घालू नये, 'लेखक म्हणतो' दर ओळीत नको.

शब्द एकेक मोजत बसू नये. तीन ओळींची सरासरी काढून ओळींच्या संख्येने गुणावे. उतारा १५० शब्दांचा निघाला तर सारांश ५० च्या आसपास. प्रश्नात मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. कच्चे लेखन पेन्सिलने करावे.

शीर्षक मागितले असेल तर ते सारांश झाल्यावर सुचवावे, तीन-चार शब्दांत. वरच्या उताऱ्याला नुसते 'खाजन' पुरत नाही. 'खाजनाची राखण करणारे बांध' शोभेल.

– मराठी विषयाचे शिक्षक, फोंडा