फॉरमॅट करण्यापूर्वी संगणक काय म्हणतो ते वाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-सुधारणा देणे थांबविले, आणि ज्या जुन्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे शहरांतून बाजूला काढलेले संगणक आता खेड्यांतील वाचनालयांना आणि शाळांना देणगी म्हणून मिळू लागले आहेत व त्यांपैकी काहींवर देणाऱ्यांनी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून दिलेली असते. सिंदेवाही तालुक्यातील ज्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते, तिथेही असा एक संगणक आहे. देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. मात्र या संगणकांवर एखादा प्रोग्रॅम उघडेनासा झाला की पुढे जे घडते, त्याबद्दल मला आपल्या वाचकांशी सविस्तर बोलायचे आहे, कारण त्यापायी आमच्या परिसराचे एक नुकसान झाले असून ते आता भरून येणार नाही.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई ही जत्रा भरते आणि रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. गेल्या काही वर्षांपासून आमच्या भागातील पाच-सहा वाचनालये मंडळांच्या संमतीने या दंडारींचे मोबाइलवर चित्रण करून ठेवतात. एका रात्रीचे चित्रण सहज वीस-पंचवीस गिगाबाइट भरते. ते एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे तर बहुतेक पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यांच्यावर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल मावतच नाही. म्हणून आम्ही बिटटोरेंट पद्धतीने फाइली वाटून घेणारा एक मोफत प्रोग्रॅम वापरू लागलो. ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणली. तीत मोठ्या फाइलचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा पोहोचल्यावर तो शाबूत आहे की नाही हे तपासले जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधी आलेले तुकडे वाया जात नाहीत आणि काम थांबले तिथून पुढे सुरू होते. पावसाळ्यात तारांवर झाड पडून दोन-दोन दिवस वीज नसणाऱ्या गावांना याहून सोयीची पद्धत मला माहीत नाही. टोरेंट म्हणजे चोरीचे चित्रपट, अशी समजूत आहे, ती इथेच दूर करते. पद्धत ही केवळ वाहन आहे, आणि उबंटू व डेबियन या लिनक्सच्या वितरणांच्या, म्हणजे तयार रूपांच्या, फाइलीसुद्धा त्यांचे निर्माते याच मार्गाने अधिकृतपणे उपलब्ध करून देतात.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावातील वाचनालयात हा प्रोग्रॅम उघडेनासा झाला. चिन्हावर दोनदा टिचकी मारली की बाण क्षणभर फिरे आणि मग काहीच घडत नसे. ना खिडकी उघडे, ना सूचना येई. तेथील कार्यकर्त्यांनी संगणक दुरुस्तीसाठी नेला. ‘लिनक्सचे असेच असते’ असे सांगून दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क फॉरमॅट केली व परवाना नसलेले विंडोज टाकून दिले. त्या डिस्कवर तीन मंडयांची चित्रणे होती. त्यांपैकी एका मंडळाचे चित्रण दुसऱ्या कोणाकडेही पोहोचले नव्हते आणि त्या मंडळातील सर्वांत वयस्कर शाहीर आता हयात नाहीत. मी दुरुस्ती करणाऱ्याला दोष देत नाही, त्याला जे शिकविले गेले तेच त्याने केले. पण प्रोग्रॅम का उघडत नव्हता, हे आता कधीच कळणार नाही, कारण रोग काय आहे ते पाहण्याआधीच रोगी हातचा गेला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी नेमके हेच लक्षण आमच्या संगणकावर दिसले. आदल्या रात्री वादळात वीज गेली होती. संगणक दुरुस्तीला न्यायला माझे मन धजेना. आमच्याकडे अकरावीत शिकणारी एक मुलगी नियमित वाचायला येते. तिने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून देण्याची काळी खिडकी उघडली आणि चिन्हावर टिचकी मारण्याऐवजी प्रोग्रॅमचे नाव तिथे टंकले. जी गोष्ट चिन्ह सांगत नव्हते ती टर्मिनलने लगेच सांगितली : या प्रोग्रॅमची एक प्रत आधीच चालू आहे, म्हणून दुसरी उघडता येत नाही. चालू प्रक्रियांची यादी काढून पाहिली, तर तशी कोणतीही प्रत चालू नव्हती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण विजेचा लपंडाव चालणाऱ्या प्रत्येक गावाला ते लागू पडते. असे अनेक प्रोग्रॅम उघडताना आपल्या लपविलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी ‘लॉक’ फाइल तयार करतात आणि नीट बंद होताना ती पुसून टाकतात. वीज अचानक गेली की पुसण्याची वेळच येत नाही. पुढच्या वेळी प्रोग्रॅमला ती फाइल दिसते, आपलाच दुसरा अवतार जिवंत आहे असे त्याला वाटते आणि तो निमूटपणे माघार घेतो. काही प्रोग्रॅम त्या फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमांकाची प्रक्रिया खरोखर जिवंत आहे का हे तपासून घेतात, काही घेत नाहीत. आमचा न घेणाऱ्यांपैकी होता. त्या मुलीने घरच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरमधील लपविलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडला, लॉक फाइल पुसून न टाकता बाजूला नेऊन ठेवली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. तो उघडला. सगळ्या कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. मला त्या क्षणी आनंदापेक्षा शेजारच्या गावाची हळहळच अधिक वाटली.

तेव्हापासून आम्ही एक वही घातली आहे. आसपासच्या ज्या वाचनालयांत लिनक्स आहे, त्यांच्यापैकी कोणाचाही प्रोग्रॅम अडला की टर्मिनलमध्ये आलेला मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवायचा आणि त्याखाली कारण व उपाय मराठीत लिहायचा, असे ठरले आहे. त्या वहीतील काही नोंदी इथे देते, कारण त्या इतरांच्याही कामी येतील.

एका ठिकाणी प्रोग्रॅम जावा या वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा होता आणि संदेशात ‘क्लास फाइल व्हर्जन ६१’ असा उल्लेख होता. या आकड्यातून ४४ वजा केले की किती क्रमांकाची जावा हवी ते कळते. इथे १७ हवी होती आणि संगणकावर ११ होती. म्हणजे प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता, त्याला लागणारी जावा नवी हवी होती, एवढेच. ती बसवल्यावरही तो उघडेना, तेव्हा दोन्ही जावा संगणकावर असून मुख्य म्हणून जुनीच निवडलेली आहे असे लक्षात आले. ती निवड बदलण्याची सोय उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांत असते. दुसऱ्या एका गावी प्रोग्रॅम बसविणे चालू असतानाच वीज गेली होती. तिथे तर संदेशात उपायच लिहिलेला होता : बसविण्याचे काम अर्धवट राहिले आहे, ते पूर्ण करण्यासाठी अमुक आज्ञा द्या. ती आज्ञा जशी दिसली तशी टंकली आणि काम झाले. तोच संदेश पाहून आधी कोणी तरी ‘व्हायरस आला’ म्हणून संगणक बंद करून ठेवला होता.

सर्वांत चिवट नोंद एका शाळेतील आहे. तिथल्या विद्यार्थ्याने कोठे तरी वाचले होते की आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लिहिले की सगळे चालते. ते एका अर्थी खरे आहे, कारण त्या शब्दाने आज्ञेला व्यवस्थापकाचे अधिकार मिळतात. त्याने फाइली वाटण्याचा प्रोग्रॅमही तसाच सुरू केला आणि तो चाललासुद्धा. पण त्या संगणकावर लिनक्सची जुनी आवृत्ती असल्यामुळे प्रोग्रॅमने विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये ज्या फाइली तयार केल्या त्या व्यवस्थापकाच्या मालकीच्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पद्धतीने उघडताना प्रोग्रॅमला स्वतःच्याच फाइलींत लिहिता येईना. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे परवानगी नाकारली, एवढेच शब्द येत होते. त्या फाइलींची मालकी पुन्हा विद्यार्थ्याच्या नावे केल्यावर अडचण सुटली. खिडकी उघडणारे साधे प्रोग्रॅम व्यवस्थापकाच्या अधिकाराने कधीही चालवू नयेत, हे मी आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला आवर्जून सांगते.

बाकीच्या नोंदी थोडक्यात सांगते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर प्रोग्रॅमला आपली नोंद लिहिता येत नाही व तो उघडतच नाही, आणि चित्रणांमुळे आमच्याकडे हे दोनदा झाले. ‘अ‍ॅपइमेज’ प्रकारची, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम एकाच फाइलीत असलेली फाइल असेल तर तिला आधी चालविण्याची परवानगी द्यावी लागते, आणि उबंटू २२.०४ पासून त्यासाठी लागणारे फ्यूज २ हे जुने वाचनालय, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत लायब्ररी, वेगळे बसवावे लागते. अशी फाइल फॅट ३२ च्या पेनड्राइव्हवर असेल तर चालविण्याची परवानगी तिथे साठविली जात नाही, म्हणून ती आधी घरच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी. संगणक ३२ बिटचा आणि प्रोग्रॅम ६४ बिटचा असेल तर कितीही खटपट केली तरी तो चालणार नाही. आणि जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपलेला असेल, तर प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते, त्यामुळे इंटरनेटवरील सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि नवा प्रोग्रॅम उतरवताच येत नाही. एका वाचनालयात महिनाभर इंटरनेट कंपनीकडे तक्रारी चालू होत्या, आणि दोष त्या सेलचा निघाला.

या सगळ्या नोंदींत मला एकच गोष्ट दिसते. संगणकाने प्रत्येक वेळी कारण सांगितले होते, ते चिन्हामागे दडलेले होते आणि इंग्रजीत होते. लिनक्स मराठीत वापरता येते, आणि आम्ही ते वापरतोही. पण अनुवाद सर्व ठिकाणी पूर्ण नाही, आणि अर्धामुर्धा अनुवादित संदेश शोधायला गेले तर उत्तर सापडत नाही. म्हणून आज्ञेच्या आधी ‘LC_ALL=C’ अशी सूचना इंग्रजी लिपीत देऊन मूळ इंग्रजी संदेश मिळवावा, तो शोधावा, आणि समजलेले कारण मराठीत लिहून ठेवावे, ही पद्धत आम्हाला लागू पडली आहे.

आमच्या मुलांनी संगणकाचे अभ्यासक्रम केलेले आहेत. पत्र टंकणे, तक्ता बनविणे, सादरीकरण करणे त्यांना उत्तम येते. अडलेला प्रोग्रॅम काय म्हणतो ते वाचण्याचा एकही तास मात्र त्यांना मिळालेला नाही. अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी असा एक तास ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जे दाते लिनक्स बसवून संगणक देतात त्यांनी सोबत दोन पानांचे मराठी टिपण द्यावे आणि डिस्क विभागताना वापरकर्त्याच्या फाइलींसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा, म्हणजे उद्या प्रणाली नव्याने टाकण्याची वेळ आलीच तरी त्या फाइली तशाच राखून ठेवता येतील. वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की, संदेश कागदावर उतरवून घेतल्याशिवाय आणि फाइलींची दुसरी प्रत बाहेर काढल्याशिवाय संगणक कोणाच्याही हाती देऊ नका. संगणक चालूच होत नसेल तरीही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आतील फाइली बहुधा काढून घेता येतात, हे दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्टपणे विचारा.

आपल्या दैनिकाला माझी विनंती लहानशी आहे. आठवड्यातून एकदा एका संदेशापुरती चौकट आपण छापावी : संदेश काय होता, त्याचा मराठीत अर्थ काय, आणि उपाय काय. आमच्या वहीत आजवर अशा एकवीस नोंदी झाल्या आहेत आणि त्या सर्व आम्ही स्वतः करून पाहिलेल्या आहेत. आपली तयारी असेल तर त्या मुलीकडून स्वच्छ अक्षरात उतरवून घेऊन मी आपल्याकडे टपालाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर